पोळ्यापर्यंतचा स्वेटर

आमच्या गावात माणसाची अब्रू वर्षभर सुखरूप असते. जायचीच असली तर ती पोळ्याच्या दिवशी जाते, सगळ्यांदेखत आणि यमक जुळवून. राळेगाव तालुक्यातलं हे गाव. मारुतीच्या देवळापुढं पोळा भरतो. धुतलेले, शिंगं रंगवलेले बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीनं उभे केले जातात आणि तोरण तुटायच्या आधी बैलांच्या गर्दीतून कोणीतरी हात वर करून झडती म्हणतो. झडती म्हणजे कोणाच्या तरी वर्षभराच्या उद्योगांवर बेतलेल्या चार ओळी. शेवटी म्हणणाऱ्यानं गौरा-पार्वतीला नमन करून ‘हर बोला’ म्हणायचं आणि साऱ्या गावानं ‘हर हर महादेव’ म्हणायचं. एकदा देवाचं नाव घेऊन गाव हसलं की त्या हसण्यावर अपील नसतं. ज्याच्यावर झडती झाली त्यानं रागवायचं नाही. उत्तर द्यायचं असेल तर झडतीनंच द्यायचं, तेही तिथंच, तोरण तुटायच्या आत. ज्यानं उत्तर दिलं नाही तो पुढच्या पोळ्यापर्यंत हरलेला.

माझे बाबा शेतीत मधल्या नंबरचे आणि झडतीत पहिल्या. सरकारी अनुदानाच्या शौचालयात गुरांच्या चाऱ्याचं कुटार भरून ठेवणारा असो, की नवी मोटारसायकल घेऊन ती पेट्रोलअभावी ढकलत नेणारा असो, बाबांच्या तोंडून कोणी सुटला नव्हता. खरं वैर मात्र त्यांचं एकाच माणसाशी होतं, गावातल्या कृषी केंद्राच्या मालकाशी. पऱ्हाटीचं म्हणजे कापसाचं बी, खत, फवारणीची औषधं, सारं गाव त्यांच्याकडूनच घ्यायचं. मी त्यांना काका म्हणायचो. बाबा आणि काका शाळेत एका बाकावर बसलेले, आणि तेव्हापासून भांडत आलेले. माझ्या तेराव्या वर्षाच्या आधीच्या पोळ्याला बाबांनी काकांवर म्हटलेली झडती गावात अजूनही लोकांना पाठ आहे:

दुकानात दवाई, दवाईत पाणी,
पाणी पिऊन पऱ्हाटी झाली शहाणी;
अळी म्हणे शेठजी, आणखी द्या थोडी,
तुमच्या दवाईची लागली मले गोडी!

काकांना त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. ते हसले, पण बैलाची वेसण त्यांनी अशी ओढली की बिचाऱ्या बैलानं मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. “पुढच्या पोळ्याले पाहतो तुले,” असं जाता जाता ते बाबांना म्हणाले. आणि मग पुढचा पोळा यायच्या आत, जणू काकांच्या सोयीसाठीच, माझी छाती वाढायला लागली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा डाव्या बाजूला बोंडाखाली सुपारीएवढी गाठ लागत होती. दप्तराचा पट्टा तिच्यावरून गेला की कळ यायची. मला वाटलं, सायकलवरून पडलो त्याची सूज असेल. मग काही दिवसांनी उजव्या बाजूनंही तसंच केलं, आणि उजव्या बाजूवर मी कधी पडलो नव्हतो. त्याच सुमारास माझा आवाज फुटला, ओठावर लव आली, पॅन्ट आखूड झाली. म्हणजे बाकी सगळं अंग मर्दाच्या वाटेनं निघालं होतं. फक्त छातीला कोणी निरोप दिला नव्हता.

मी स्वेटर घालायला लागलो. आईनं विणलेला चॉकलेटी स्वेटर, कोपरावर उसवलेला. आमच्याकडं जुलैत पाऊस उघडला की जमिनीतून वाफ निघते आणि माणसं बनियनवर बसतात. त्या उकाड्यात मी गळ्यापर्यंत स्वेटर चढवून बसायचो आणि कोणी विचारलं तर थंडी वाजते म्हणून सांगायचो. वर्गातले सर एकदा म्हणाले, “काय बे, काश्मिरातून येते का शाळेत?” वर्ग हसला, मीही हसलो. ते हसू मला परवडणारं होतं.

न परवडणारं हसू कबड्डीच्या तासाला आलं. पकडापकडीत स्वेटर शर्टासकट ओढला गेला आणि एक पोरगा ओरडला, “अबे, हे तं मावशी होय!” झालं, तिथंच माझं बारसं झालं. मावशी, डबा काय आणला? मावशी, फळा पुसून द्या न. मी सगळ्यांबरोबर हसायचो आणि शाळा सुटल्यावर सायकल स्टँडच्या मागं जाऊन रडायचो. मला माझ्या अंगाची इतकी किळस यायची की आंघोळीला मी दिवा मालवून बसायचो. आणि ते नाव ज्यानं ठेवलं तो पोरगा कोण? काकांचा पुतण्या. म्हणजे बातमी आता काकांच्या उंबरठ्यावर येऊन बसली होती, आत शिरायचीच काय ती बाकी होती. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पोळ्याच्या चौकटीत एक छोटा बैल छापला होता. मी जेवताना त्याच्याकडं पाठ करून बसायचो.

आईला स्वेटर धुताना संशय आला. थंडीसाठी घातलेला स्वेटर घामानं चिंब कसा, असं तिनं विचारलं. मग तिनं खोलीचं दार लावलं आणि सरळ सांगितलं, “काढ.” मी काढला. ती नुसतं “अवो माय!” म्हणाली आणि माझ्याआधी तीच रडली. मग डोळे पुसून चौकशीला लागली.

आईची चौकशी म्हणजे मोबाईल. मावशी, आत्या, माहेरच्या बाया यांचा जो ग्रुप होता त्यात कोणाचंही नाव न सांगता तिनं विचारलं, आणि उत्तरांचा पाऊस पडला. ब्रॉयलर कोंबडीला इंजेक्शन देतात, त्यानं होतं. म्हशीला पान्हा सोडायला सुई टोचतात, त्यानं होतं. सोयाबीनमध्ये बाईपणाचा अंश असतो, त्यानं तर नक्कीच होतं. मग आमच्या घरातून ब्रॉयलर गेला, पाकिटातलं दूध गेलं, सोयाबीनच्या वड्यांचा डबा गेला. गंमत म्हणजे सोयाबीन आमच्या आठ एकरांपैकी चार एकरांत उभं होतं. आमच्या तालुक्यात सोयाबीन पेरतात सारेच, खात कोणी नाही. विकतात आणि आलेल्या पैशांत शेंगदाण्याचं तेल आणतात. तरीही माझ्या ताटात अधूनमधून पडलेल्या चार वड्यांवर आईनं सगळा आळ घातला.

त्यानंही गाठ हलेना, तेव्हा तिनं हळदीचा लेप सुरू केला. रोज सकाळी लेप लावून मी शाळेत जायचो. एक दिवस घामानं हळद शर्टात आणि शर्टातून स्वेटरच्या गळ्यापर्यंत आली. काकांचा पुतण्या लगेच म्हणाला, “मावशीले हळद लागली रे! लगन कवाचं हाय?” त्या दिवशी मी घरी येऊन हळदीचा डबाच न्हाणीत ओतला. आईनं रिकामा डबा उचलून ठेवला. तिनं बाबांना सांगितलं.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. आमच्याकडं बाप लेकाच्या अंगाकडं पाहत नाही, लेकाच्या मार्कांकडं पाहतो. ते बराच वेळ दोरखंड वळत बसले आणि मग म्हणाले, “चाल माह्यासंगं.” मला वाटलं दवाखान्यात चाललो. आम्ही पोचलो कृषी केंद्रात.

यात बाबांची चूक नव्हती. आमच्या गावात वाढीचं काहीही बिघडलं की माणूस कृषी केंद्रात जातो. पान पिवळं पडलं, पातं म्हणजे फुलाआधीची कळी गळाली, झाड नुसतंच उंच गेलं, की एक पानफांदी तोडून आणायची, काउंटरवर ठेवायची आणि औषध घेऊन जायचं. बाबांनी मला आणलं ते त्याच पद्धतीनं. फरक इतकाच की मला काउंटरवर ठेवलं नाही, खताच्या पोत्यांपाशी उभं केलं.

“पऱ्हाटीचं जरा इचाराचं होतं,” बाबा म्हणाले.

“बोल,” काका म्हणाले.

“झाड चांगलं हाय. उंचीबी बरी हाय. पण वाढ जराशी नको तिथं होऊन राह्यली.”

“नको तिथं म्हणजे कुठं?”

“मंधात.”

“किती झाडाइले?”

“एकाच.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “एका झाडासाठी तू कामधंदा सोडून दुकानात आला?”

“एकच हाय न माह्याजवळ,” बाबांच्या तोंडून निघून गेलं. मग ते घाईनं म्हणाले, “म्हणजे तसं धुऱ्यावरचं, वावराच्या काठचं हाय. पण चांगलं हाय झाड.”

“उपटून फेक,” काका म्हणाले. “नाई तं शेंडा खुड.”

मी पोत्यांच्या मागं सरकलो. कापसाचं झाड माजलं की त्याचा शेंडा चिमटीनं खुडतात, हे मी लहानपणापासून पाहत आणि करत आलो होतो. माझा नक्की कोणता भाग शेंडा धरला जाईल याचा मला अंदाज येईना.

“दुसरा काई इलाज?” बाबांनी विचारलं.

“हाय न. वाढ थांबवाचं औषध हाय. हे सारं हार्मोनचं काम असते बापा. झाडाच्या अंगात हार्मोन गडबडलं का झाड माजते.” काकांनी फळीवरची बाटली पुसत पुसत पुढं म्हटलं, “मांगच्या हंगामात तूनं वाढीचं टॉनिक जास्त मारलं असशीन, थे मातीत राह्यलं. म्हून होते असं.”

बाबांचा चेहरा एकदम उतरला. मला तेव्हा कारण कळलं नाही. नंतर कळलं. मागच्या हंगामात फवारणीच्या वेळी ड्रममध्ये पाणी भरणारा, झाकणानं टॉनिक मोजून त्यात ओतणारा आणि काडीनं ढवळणारा मीच होतो.

आम्ही निघालो तेव्हा काकांनी माझ्या स्वेटरकडं पाहिलं. “पोट्ट्याले बरं नाई का?”

“सर्दी हाय,” बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही यवतमाळला गेलो. लहान मुलांच्या दवाखान्यात गेलो तर तिथं डॉक्टरीणबाई. बाबांनी खुर्ची जराशी फिरवून भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडं तोंड केलं आणि सगळी हकिगत त्या बाळाला सांगितली. बाईंनी मला तपासलं. दोन बोटांनी गाठ चाचपली, गळा पाहिला, पोट दाबलं, उंची-वजन घेतलं. नुसती चरबी असती तर सगळीकडं सारखी मऊ लागली असती, ही मधोमध टणक चकती आहे, असं त्यांनी मलाच सांगितलं. माझ्याशी याबद्दल सरळ आवाजात बोललेलं ते पहिलं माणूस. मग कोणतं औषध चालू आहे का, अंग कमवायची पावडर खातो का, कुठलं तेल-मलम लावतो का, असं विचारलं. मी हळदीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं.

“काही आजार नाही हा,” त्या म्हणाल्या. “मुलगा वयात येताना त्याच्या अंगात दोन्ही प्रकारचे हार्मोन्स वाढतात. पुरुषांचं आणि बायकांचं. काही मुलांत बायकांचं थोडा वेळ वरचढ होतं, पुरुषांचं अजून पुरतं भरलेलं नसतं. तेवढ्या काळात छातीतली ही गाठ वाढते. मग तोल जमला की आपोआप बसते. वर्ष लागेल, कधी दोन वर्षं. पुष्कळ मुलांना होतं, फक्त कोणी सांगत नाही. फार वाढली, त्यातून पाणी आलं किंवा गेलीच नाही, तर मात्र परत आणा, मग रक्त तपासू.”

“बायकाइचं हार्मोन?” बाबा चित्रातल्या बाळाला सोडून पहिल्यांदा बाईंकडं वळले. “माह्या पोट्ट्याच्या अंगात?”

“सगळ्याच पुरुषांच्या अंगात असतं.”

“माह्याबी?”

“तुमच्याही.”

 शर्टाचं वरचं बटण बाबांनी हळूच लावलं.

उठता उठता त्यांनी ज्यासाठी आले होते ते विचारलं. “डॉक्टरीणबाई, हे फवारणीच्या औषधानं होते का? थे वाढीचं टॉनिक असते न, त्याच्यानं?”

“त्यानं हे झालेलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण मुलांना फवारणीच्या जवळ नेऊच नका. ते विष असतं.”

बाई एका श्वासात दोन वाक्यं बोलल्या. पहिलं मी ऐकलं, दुसरं बाबांनी ऐकलं. परतीच्या एसटीत कळंब येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, “आजपासून वावरात पाय नाई ठेवाचा तूनं.” मी म्हटलं, “बाई तं म्हणाल्या त्यानं नाई झालं.” बाबा म्हणाले, “बाईच्या वावरात पऱ्हाटी नाई.”

मला खरं तर फार हलकं वाटत होतं. आजार नाही, बसेल आपोआप, पुष्कळांना होतं. वर्गातल्या पोरांकडं मी आता जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. कोणाचा शर्ट उगाच ढगळ आहे, कोण पोहायला येत नाही. पण बाईंनी दिलेली मुदत वर्ष-दोन वर्षांची होती आणि पोळा पुढच्याच महिन्यात होता. निसर्गाला तेवढी घाई नसते.

त्या हंगामात बाबांनी पऱ्हाटीवर टॉनिक मारलंच नाही, आणि हार्मोनचं म्हणून वाढ थांबवायचं औषधही घेतलं नाही. अळीचं औषध मजूर लावून मारलं, मला मात्र धुऱ्यावरही येऊ दिलं नाही. टॉनिकच्या बाटल्या हंगामाच्या सुरुवातीलाच घरात आलेल्या होत्या. त्या सीलबंद तशाच त्यांनी पिशवीत घातल्या आणि काकांच्या दुकानात परत नेऊन दिल्या. काकांनी म्हणे बाटली उन्हात धरून पाहिली. इतक्या वर्षांत टॉनिक परत करणारा पहिलाच शेतकरी त्यांनी पाहिला होता. “काहून रे? पैशे पाह्यजेत का?” असं त्यांनी विचारलं, आणि बाबा “नाई लागत यंदा” एवढंच म्हणून निघून आले.

पऱ्हाटीनं काय करायचं ते केलं. झड लागली, आठवडाभर सूर्य दिसला नाही. आसपासच्या वावरांतली झाडं बेतानं वाढली आणि पात्यांनी भरली. आमची नुसतीच हिरवी होऊन माणसाच्या छातीपर्यंत गेली आणि पाती खाली टाकत राहिली. आई एकदा वावरातून ओंजळभर गळालेली पाती घेऊन आली आणि ती बाबांच्या पुढ्यात ठेवली. बाबांनी ती बकरीला घातली. टॉनिकनं ती सगळीच वाचली असती असं नाही, पण बाबांचा तर टॉनिकवर विश्वास होता. विश्वास असून त्यांनी ते मारलं नाही, हे मला कळत होतं, आणि कळूनही ‘टॉनिक मारा’ असं मी त्यांना म्हणत नव्हतो. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. तूप-हळद लावून बैलाचे खांदे चोळायचे आणि उद्याच्या जेवणाचं त्याला आवतन द्यायचं. हळदीत हात घालताना मला पुतण्याचं ‘लगन’ आठवलं. बाबा एका बैलाला चोळत होते, मी दुसऱ्याला. मी म्हटलं, “बाबा, मी उद्या पोळ्यात नाई येत.”

“मंग दुसरा बैल कोण धरते?”

“धरा कोणालेबी. मी नाई येत. काकाइले सारं माईत हाय.”

“काय माईत हाय?”

तेव्हा मी सांगितलं. मावशी हे नाव, कबड्डीचा तास, हळदीचं लग्न, सारं. बोलताना मी बैलाच्या मानेत तोंड खुपसलं होतं, त्यामुळं बाबांचा चेहरा मला दिसला नाही. त्यांचा हात थांबल्याचं मात्र दिसलं. “पाहू,” ते म्हणाले. मग पुन्हा चोळायला लागले, आणि तो बैल बिचारा दुसऱ्या दिवशी एका खांद्यानं जास्तच पिवळा होता.

पोळ्याच्या सकाळी गावातली सगळी पोरं उघड्या अंगानं नाल्यात बैल धुवायला गेली. मी गेलो नाही. दुपारी पोळ्यात मात्र जावं लागलं. आमच्या जोडीला झुली घातल्या, शिंगांना बेगड लावलं आणि मी स्वेटर घातला. ऊन असं कडक पडलं होतं की बैलांच्या शिंगांचा रंगही चिकट झाला होता. तोरणाखाली आमच्या जोडीच्या डाव्या हाताला बाबा, मधे दोन बैल, उजव्या हाताला मी. समोरच्या ओळीत काका त्यांची जोडी घेऊन उभे, आणि त्यांच्या शेजारी बैलाचा कासरा धरून त्यांचा पुतण्या. तो माझ्याकडं पाहून हसत होता.

दोन-तीन झडत्या किरकोळ झाल्या. कोणाच्या जावयावर, कोणाच्या बंद पडलेल्या मोटारपंपावर. मग काकांनी हात वर केला आणि मागची माणसं पुढं सरकली. वर्षभराचा हिशेब होता तो, सगळ्यांनाच माहीत होतं. काकांनी आधी बाबांकडं पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि माझ्या स्वेटरवर थांबली. पुतण्या त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजला.  मी बैलाच्या झुलीचा काठ मुठीत धरला आणि डोळे मिटले. काकांचा आवाज आला:

वावरात पऱ्हाटी, जसा लावला झेंडा,
बोंडाचा नाई पत्ता, वरतं नुसता शेंडा;
फवारा म्हणलं तं मालक म्हणते राहू द्या,
पाती गळली सारी, तं बकऱ्याइले खाऊ द्या!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला...

गाव महादेवाचं नाव घेऊन इतकं हसलं की बैल बिचकले. मी डोळे उघडले. सगळे बाबांकडं पाहत होते. माझ्याकडं कोणीच पाहत नव्हतं, फक्त पुतण्याचं तोंड उतरलं होतं. काकांना माझं सगळं माहीत होतं, हे मी तेव्हा ओळखलं आणि आजही मला त्याची खात्री आहे. चार ओळींत ते मला गावातून उठवू शकले असते. ते पऱ्हाटीवर आले, तेही माझ्यावरून नजर काढून.

आता बाबांची पाळी. झडती सुचायला लागली की बाबांचा अंगठा कासऱ्यावर ठेका धरतो आणि ओठ हलतात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. गाव त्यांच्या अंगठ्याकडंच पाहत होतं. अंगठा हलला. ओठही हलले. मी दोनच बैल पलीकडं होतो, मला नीट दिसत होतं, पहिल्या दोन ओळी जुळून तिसरीवर आले होते ते. मग त्यांनी बैलांच्या पाठीवरून एकदा माझ्याकडं पाहिलं. अंगठा थांबला.

“दे न बे उत्तर!” कोणीतरी ओरडलं. “टॉनिक काहून वापस केलं थे तं सांग!”

बाबांनी नुसता हात हलवला. नाही. आजवर कोणाचीही झडती बिनउत्तराची न सोडलेला माणूस साऱ्या गावासमोर गप्प उभा राहिला. कारण उत्तराला प्रत्युत्तर येतं, आणि टॉनिकपासून निघालेलं प्रत्युत्तर कुठं जाऊन पोचेल हे बाबांना गावात सगळ्यांपेक्षा चांगलं कळत होतं. कोणी शिट्टी मारली, कोणी म्हणालं, “संपला राजा हा!” तेवढ्यात तोरण तुटलं आणि बैल धावले.

घरी येताना वाटेत दोन ठिकाणी लोकांनी बाबांना शेंड्यावरून टोमणे मारले. बाबा हसले. दोन्ही वेळा खरं हसले नाहीत. अंगणात आईनं बैलांचे पाय धुतले, पुरणपोळीचा घास भरवला. बैलांच्या पाया पडायला आळीतली माणसं येत होती, अंगण भरलं होतं. बाबा खुंट्याला कासरा बांधत खाली बसले होते. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, “बाबा, उत्तर काहून नाई देल्लं?”

“सुचलंच नाई,” बाबा म्हणाले. ते गाठ मारत राहिले, आधीच पक्की बसलेली.

मी तिथंच उभा राहून स्वेटर काढला. तो घामानं असा भिजला होता की डोक्यातून निघेना, ओढावा लागला. आत नुसतं बनियन होतं, तेही अंगाला चिकटलेलं. मी स्वेटर गोठ्याच्या खुंटीवर टांगला. अंगणातल्या दोन-चार माणसांनी पाहिलं असेल, नसेल. बाबांनी मान वर केली. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं, छातीकडं, मग तोंडाकडं.

“गेली वाटते थंडी,” ते म्हणाले.

“गेली.”

“मंग जा, ढेपीचं टोपलं घेऊन ये बैलाइले.”

मी टोपलं डोक्यावर घेतलं आणि भरल्या अंगणातून बनियनवर चालत गेलो.